दीड महिन्याचा प्रश्न

मंडळी, दोन-अडीच महिने इकडे काही लिहिलं नाही म्हणून तिघाचौघांनी चौकशी केली. एकीने तर "बऱ्या आहात ना?" असं जरा घाबरतच विचारलं. आमच्या वयाला लोक घाबरूनच विचारतात, त्याचं आता काही वाटत नाही. तर, बरी आहे. उजव्या पायाचं ऑपरेशन झालं. बनियनचं.

हा शब्द उच्चारला की काय होतं ते आधी सांगते. ऑपरेशन ठरलं तेव्हा ह्यांनी तळमजल्यावरच्या काकांना जिन्यातच बातमी दिली, "मंगळवारी हिचं बनियनचं ऑपरेशन आहे." काका काही बोलले नाहीत म्हणे, नुसते बघत राहिले. संध्याकाळी त्यांच्या काकू वर आल्या, दार लोटून घेतलं, माझ्या शेजारी बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "काय हो, छातीत गाठबिठ निघाली का?" बनियन म्हणजे गंजीफ्रॉक, आणि गंजीफ्रॉकच्या आत असते ती छाती, असा हिशोब त्यांनी घरी बसून लावला होता. मी पाय वर करून दाखवला तेव्हा बिचारीचा जीव भांड्यात पडला. "अगंबाई, हे होय! हे तर माझ्या सासूबाईंना पण होतं!"

खरं आहे, पुष्कळांच्या सासूबाईंना होतं. माझ्या आईच्या दोन्ही पायांना होतं. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला टेंगळासारखं येतं ते बनियन. आपण सर्रास 'हाड वाढलं' म्हणतो, पण हाड काही वाढलेलं नसतं. अंगठ्याच्या मागचं लांब हाड हळूहळू एकीकडे सरकतं आणि अंगठा दुसरीकडे, शेजारच्या बोटांवर रेलायला लागतो. मधला सांधा मग कोपर काढल्यासारखा बाहेर येतो. डॉक्टरांच्या पुस्तकात ह्याचं नाव हॅलक्स व्हॅल्गस. (थोडी शाळा घेतली. सवय जात नाही.) बायकांमध्ये जास्त, घराण्यात असतं, आणि पुढून अरुंद चपला-बुटांनी आणखी वाढतं. आई 'चप्पल चावते गं' एवढंच म्हणायची आणि चपलेच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळायची. मी वीस वर्षं वेगवेगळ्या चपला बदलून काढली. तास घ्यायचा तो उभं राहूनच, अशी आमच्या पिढीची समजूत, त्यामुळे पायांनी काय सोसलं ते पायच जाणोत. शेवटी अंगठा शेजारच्या बोटावर चढून बसला, खाली कुरूप झालं, सकाळचं फिरणं बंद पडलं, तेव्हा डॉक्टरांकडे गेले.

"आता या वयात कशाला?" हे मला जितक्या जणांनी विचारलं तितक्यांची यादी केली असती तर एक वही भरली असती. या वयात कशाला म्हणजे काय? या वयात चालायचं नाही का?

असो. आषाढी एकादशी झाली आणि तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. कमरेखाली भूल. ते लांब हाड कापून, सरकवून जागेवर आणलं आणि दोन बारीक स्क्रूंनी बसवलं. तासाभराचं काम. मला डॉक्टर लोकांच्या गप्पा ऐकू येत होत्या, त्यात माझ्या पायाचा विषय फारसा नव्हता, म्हणजे सगळं नीट चाललं असणार असं मी समजले. दुसऱ्या दिवशी घरी.

घरी म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. पुण्यात कोथरूडला राहणाऱ्यांना सांगायला नको, चाळीस वर्षांपूर्वीच्या तीन मजली सोसायट्या अशाच आहेत. तेव्हा घर घेणारे आम्ही सगळे पस्तिशीतले होतो. दुसरा मजला म्हणजे 'हवा छान येते' म्हणून आम्ही मुद्दाम मागून घेतला होता. मुलाने, वॉचमनने, इस्त्रीवाल्याने आणि पहिल्या मजल्यावरच्या एका कॉलेजातल्या मुलाने मला लाकडी खुर्चीत बसवून वर आणलं. दारादारांतून माणसं बघत होती. आठवडा पंढरीचा, त्यामुळे "माउलींची पालखी आली!" असं कोणीतरी म्हणालंच. मीही हसले. पण खरं सांगते, खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते की संध्याकाळपर्यंत बोटं दुखत होती. माझं वजन चार माणसांच्या हातात आणि जिन्याचं वळण खालून येतंय, ह्या एका मिनिटात जे वाटलं ते मला आजपर्यंत कधी वाटलं नव्हतं. लाज का भीती, ठरवता येत नाही.

पहिले दोन आठवडे पाय उशांवर, छातीपेक्षा उंच. उठायचं ते फक्त बाथरूमपुरतं, तेही पुढून अधांतरी असलेला एक विचित्र बूट घालून, सगळा भार टाचेवर देऊन आणि हातात वॉकर. पुढे सहा आठवडे हाच बूट. मग एक्स-रे, आणि हाड जुळलेलं दिसलं की हळूहळू चप्पल. सूज मात्र सहा महिने, वर्षभरसुद्धा राहू शकते हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

आमच्या घरात आम्ही दोघंच. मुलगा-सून बाणेरला, दोघांच्या नोकऱ्या, शनिवार-रविवार येतात, सून डबे भरून फ्रीजमध्ये ठेवून जाते. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. आमचे हे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. चहा उत्तम करतात, भात लावतात, बाकी स्वयंपाकघरात त्यांना फक्त फ्रीज कुठे आहे ते माहीत. त्यांनी माझं केलं, मनापासून केलं. पण ज्या घरात चाळीस वर्षं वावरले ते घर मला नव्याने दिसायला लागलं. बाथरूमच्या दाराशी चार बोटं उंचीचा दगडी उंबरा आहे. बाहेर पाणी येऊ नये म्हणून मीच गवंड्याला सांगून घालून घेतला होता. वॉकर उचलून त्याच्या पलीकडे ठेवायचा, मग एक पाय, मग दुसरा. रोज पाचसहा वेळा मी त्या गवंड्याला आणि स्वतःला दोन शब्द सुनावत होते.

आणि चहा! दोन्ही हात वॉकरवर, मग कप धरायचा कशात? मी ओट्याशी उभी राहून चहा करू शकत होते, पण तो चार पावलांवरच्या खुर्चीपर्यंत नेऊ शकत नव्हते. मग तिथेच उभ्याने, एका पायाच्या टाचेवर, ओट्याला टेकून प्यायचा. ही गोष्ट पाय धड असणाऱ्या माणसाच्या कधीच लक्षात येत नाही. माझ्याही आली नव्हती.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुपौर्णिमा. त्या दिवशी जुन्या मुलांचे फोन येतात. एक फोन दरवर्षी न चुकता येतो. हा माझा १९८९ सालचा दहावीचा विद्यार्थी. तेव्हा मी सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी शाळेत होते, मराठी आणि इतिहास शिकवायचे, आणि दहावी अ ची वर्गशिक्षिका होते. ह्या मुलाला लहानपणी पोलिओ झालेला. डाव्या पायाला कॅलिपर, काखेत कुबडी. त्याचा जन्म १९७३ चा. आपल्या देशात सरकारी लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला १९७८ साली आणि पोलिओचा डोस त्यात आला त्याच्या पुढच्या वर्षी. पाचसहा वर्षांनी हुकलं त्याचं. त्या काळात प्रत्येक शाळेत अशी दोन-चार मुलं असायची. आता नसतात. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात पोलिओचा नैसर्गिक विषाणूचा एकही रुग्ण सापडलेला नाही आणि २०१४ साली तसं प्रमाणपत्रही मिळालं, ही आपल्या आयुष्यात झालेल्या मोजक्या निखळ चांगल्या गोष्टींपैकी एक.

तर ह्याचा फोन आला. पायाचं ऐकल्यावर नेहमीचं "काळजी घ्या" वगैरे काही नाही. थेट विचारलं, "बाई, वॉकर की कुबड्या?" वॉकर म्हटल्यावर म्हणाला, "पुढच्या दांड्याला एक कापडी पिशवी बांधा. तिच्यात मोबाइल, चष्मा आणि झाकणाचा थर्मास. चहा कपात न्यायचाच नाही." मी शाळेत वापरायचे ती शबनम पिशवी माळ्यावर होती, ती ह्यांच्याकडून काढून घेतली आणि बांधली. त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीत बसून चहा प्यायले. मग तो दर दोन-तीन दिवसांनी फोन करायला लागला. अंघोळीला प्लॅस्टिकचं स्टूल, पण त्याच्या पायांना रबर आहे ना ते बघा. पायाला पिशवी बांधताना आत एक टॉवेल गुंडाळा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे पाठ करा. फिजिओथेरपीच्या बाईंनी नंतर शब्दशः हेच सांगितलं. मी ज्याला समास सोडवायला शिकवले तो मला चालायला शिकवत होता.

आणि आठव्या-नवव्या दिवशी तो म्हणाला, "बाई, पाणी कमी नाही ना केलं?"

मी गप्प.

केलं होतं. ह्यांना रात्रीची गोळी असते, एकदा झोपले की उठवणं जिवावर येतं. वॉकर घेऊन, तो उंबरा ओलांडून रात्री एकटीने जायची मला परवानगी नव्हती. मग मी संध्याकाळी सहानंतर पाणीच बंद केलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. सुनेलाही नाही. लघवीला जळजळ सुरू झाली होती, तेही सांगितलं नव्हतं.

"तुला कसं कळलं?"

"बाई, दहावीचं अख्खं वर्ष मी शाळेत पाणी प्यायलो नाही."

आमची शाळा तेव्हा दगडी दुमजली होती. दहावीचे दोन्ही वर्ग वर. का? तर वर शांतता असते, मुलांचा अभ्यास होतो, आणि ते तसेच असायचे म्हणून. मुताऱ्या मैदानाच्या पलीकडे, कुंपणाशी. बावीस पायऱ्या, मग मैदान, मग परत मैदान, परत बावीस पायऱ्या, आणि मधली सुट्टी दहा मिनिटांची. त्याने हिशोब केला होता. सकाळी घरून निघताना एक घोट, मग पाच वाजता घरी गेल्यावर तांब्याभर. त्याची आई रोज पाण्याची बाटली द्यायची. ती भरलेली बाटली त्याच्या बाकावर मला रोज दिसायची. मी एकदा त्याला सगळ्यांसमोर म्हणालेही होते, "अरे, बाटली काय शोभेला आणतोस का?" वर्ग हसला होता. तोही हसला होता.

आणि त्याच वर्षी स्नेहसंमेलनात आम्ही त्याला बक्षीस दिलं. 'जिद्दी विद्यार्थी' म्हणून खास बक्षीस, माझीच सूचना. मी भाषण केलं. रोज बावीस पायऱ्या चढून येणारा हा मुलगा, एकही दिवस गैरहजर नाही, तुम्हाआम्हाला काय शिकवतो वगैरे. बोलायला मला येतं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. मग त्याचं नाव पुकारलं आणि तो कुबडी टेकत स्टेजच्या चार पायऱ्या, ज्यांना कसलाही आधार नव्हता, एकेक करून चढला. तितका वेळ टाळ्या चालू होत्या. बक्षीस म्हणून शब्दकोश दिला होता. जाड. एका हातात कुबडी आणि दुसऱ्या हातात तो शब्दकोश घेऊन तो उतरला कसा, हे मला काही केल्या आठवत नाही. तेव्हा मी बहुतेक पुढचं नाव पुकारत असणार.

दहावी अ चा वर्ग खाली आणायला काय लागलं असतं? पाचवीचा वर्ग खाली होता, बरोबर आमच्या वर्गाखाली. बाकंसुद्धा हलवायला नकोत, पाचवीची पोरं वर आणि आम्ही खाली, एका तासाचं काम. मुख्याध्यापकांनी नाही म्हटलं असतं का? माहीत नाही, कारण मी विचारलंच नाही. मला सुचलंच नाही, हे खरं. मी दुष्ट नव्हते, माझा तो लाडका विद्यार्थी होता. त्याच्या चढण्याचं मला इतकं कौतुक होतं की चढायची गरज काय, हा प्रश्न मनात शिरायला जागाच नव्हती.

मी त्याला फोनवर विचारलं, "अरे, पण तू सांगितलं का नाहीस?"

तो हसला. "बाई, तुम्ही सगळे एवढं कौतुक करत होता. मग तक्रार कशी करणार?"

ह्या वाक्यावर मी पाय उशीवर ठेवून बरेच दिवस विचार केला. दुसरं काम नव्हतंच. माझं आता मत असं झालं आहे, आणि ते काहींना आवडणार नाही, की आपल्याकडे जिद्दीचं जे कौतुक चालतं त्यातलं निम्मं आपल्या आळसावरचं पांघरूण असतं. माणूस कुबड्या घेऊन गड चढला की आपण त्याचा व्हिडिओ एकमेकांना पाठवतो, हात जोडल्याची चित्रं टाकतो. तोच माणूस बँकेच्या पाच पायऱ्या चढू शकत नाही म्हणून खालून हाक मारतो तेव्हा आपण रांगेत पुढे सरकतो. गड चढणाऱ्याचं मी मोठेपण कमी करत नाही. चढायचं असेल त्याने जरूर चढावा. पण गड चढणं त्याची हौस असते, बँकेत जाणं हौस नसते. आणि एकदा तुम्हाला 'जिद्दी' म्हणून फेटा बांधला की 'मला हे जमत नाही, दमतो मी' म्हणायचा तुमचा हक्क गेला. माझ्या विद्यार्थ्याचा तो हक्क मी शब्दकोश देऊन काढून घेतला. तेव्हा कायदा नव्हता, हे खरं. अपंगांसाठीचा पहिला मोठा कायदा १९९५ चा, मग २०१६ चा नवा, पहिल्यात सात प्रकारचं अपंगत्व धरलं होतं, दुसऱ्यात एकवीस. पण खालच्या वर्गाशी अदलाबदल करायला संसदेची परवानगी लागत नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना पाय दुखल्यावर आठवलं हे सगळं. बरोबर आहे. पाय दुखल्यावरच आठवलं. त्याचा मला अभिमान नाही.

आता आमच्या जिन्याचं ऐका. जिन्याला रेलिंग आहे, पण एकाच बाजूला, मधल्या मोकळ्या बाजूला. भिंतीच्या बाजूला काही नाही. आणि पार्किंगमधून तळमजल्याकडे येणाऱ्या पहिल्या सात पायऱ्यांना तर दोन्हीकडे भिंतच आहे, धरायला काहीच नाही. टाके काढायला पंधराव्या दिवशी खाली उतरले तेव्हा वॉकर मुलाच्या हातात, काठी माझ्या. चढताना रेलिंग उजव्या हाताला येतं, तेच उतरताना डाव्या हाताला. काठी ह्या हातातून त्या हातात. शेवटच्या सात पायऱ्या मी बसून उतरले. हो, बसून, एकेक पायरी सरकत, साडी सांभाळत. तोपर्यंत मला कोणी बघत नव्हतं म्हणून बरं.

आल्यावर मी सेक्रेटरींना फोन केला. तरुण आहेत, चांगले आहेत, माझी औषधं दोनदा आणून दिली. म्हटलं, भिंतीच्या बाजूने एक पाइप बसवून घ्या, तीनही मजल्यांना. ते म्हणाले, "काकू, तुम्हाला काही लागलं तर रात्री-बेरात्री हाक मारा, आम्ही उचलून नेऊ. दीड महिन्याचा तर प्रश्न आहे!"

बोलण्यात माया होती, म्हणून मला पटकन उत्तर सुचलं नाही. नंतर सुचलं. दीड महिन्याचा प्रश्न आहे, बरोबर. माझा. माझ्या आधी पहिल्या मजल्यावरच्या सुनेचा चार महिन्यांचा होता, सातव्या महिन्यापासून. त्याआधी कोणाचा तरी प्लॅस्टरचा. आणि तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा! मी पलंगावर पडल्यापडल्या वरून त्यांच्या काठीचा आवाज ऐकायचे, ह्या खोलीतून त्या खोलीत, परत ह्या खोलीत. आणि एके दिवशी लक्षात आलं की हा आवाज मी जिन्यात शेवटचा कधी ऐकला ते आठवत नाही. ह्यांना विचारलं. ह्यांनी जरा विचार करून सांगितलं, "गेल्या गुढीपाडव्याला गुढीच्या वेळी दिसले होते. त्यांच्याच गॅलरीत." दीड वर्ष माणूस खाली उतरलेला नाही, आणि आम्ही बारा घरं एकमेकांना भेटल्यावर म्हणतो, "आजोबा म्हणजे काय, या वयात स्वतःचं स्वतः करतात हो, केवढी जिद्द!"

उचलून नेऊ म्हणणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. मला चौघांनी नेलं, त्यांचे उपकार आहेत. पण उचलून न्यायला माणूस मागावा लागतो, आणि मागायला लागलं की माणूस गरजा कमी करतो. भाजी आणायला जाणं कमी करतो, देवळात जाणं कमी करतो. शेवटी पाणी कमी करतो. पाइप मागावा लागत नाही. तो आपला भिंतीला असतो, रात्री दोन वाजतासुद्धा, कोणाचा मूड न बघता.

खर्चाचंही बघून ठेवलं. ह्यांनी ओळखीच्या फॅब्रिकेटरला बोलावून माप घ्यायला लावलं. लोखंडी पाइप, रंगासकट, अठरा हजार. बारा घरं, घरटी दीड हजार. ह्याच सोसायटीने तीन वर्षांपूर्वी गेटवर सोनेरी अक्षरांत नाव बसवायला याहून जास्त खर्च केला होता आणि मी त्याला हात वर केला होता. लिफ्टचा विषय मी काढत नाही. लिफ्टवरून आमच्याकडे दहा वर्षं भांडण चालू आहे, तळमजल्यावरचे म्हणतात आम्ही का पैसे द्यायचे, आणि त्यांचंही अगदीच चूक नाही. मी लिफ्ट मागत नाही. पाइप मागते.

गेल्या आठवड्यात एक्स-रे झाला. हाड जुळलंय. गणपतीत उकडीचे मोदक मी खुर्चीत बसून वळले, पाय दुसऱ्या खुर्चीवर, पारीच्या कळ्या पहिल्यासारख्या जमल्या. आता रुंद तोंडाची चप्पल घालून घरात फिरते, संध्याकाळी पाय सुजतो. आणि मला एक भीती आहे ती इथे लिहून ठेवते, म्हणजे तुम्ही आठवण कराल. दोन महिन्यांनी मी धडधड जिना उतरायला लागेन आणि विसरून जाईन. मी आधी विसरले होते की नाही? तो बक्षिसाचा कार्यक्रम झाल्यावर पुढची एकवीस वर्षं मी नोकरी केली. त्यानंतरही कॅलिपरवाली मुलं वर्गात आली. एकदाही वर्ग खाली आणला नाही.

सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, म्हणजे आता दिवस थोडे. अर्ज लेखी द्यायचा म्हणून परवा लिहायला बसले. पहिलं वाक्य लिहिलं, 'माझ्या पायाच्या शस्त्रक्रियेमुळे मला जिना उतरणे कठीण झाले असून...' मग त्याला फोन करून वाचून दाखवलं. तो सरकारी कचेरीत आहे, अर्ज वाचण्यातच त्याचा जन्म गेला.

"बाई, पहिलं वाक्य काढा," तो म्हणाला. "तुमचा पाय बरा झाला की अर्ज निकाली काढतील."

काढलं. आता अर्ज 'जिन्याला भिंतीच्या बाजूने आधार नाही' इथून सुरू होतो. खाली सही माझी आहे. दुसरी सही घ्यायला मी काल काठी घेऊन वर तिसऱ्या मजल्यावर गेले, चांगला पाय आधी. आजोबांनी चष्मा शोधला, अर्ज दोनदा वाचला, सही केली आणि म्हणाले, "बसा, पाणी घ्या."

ग्लासभर प्यायले.